ऑनलाइन स्पॅनिशच्या तासाला सुका कचरा आणा

'मेदिओ आंबिएंते' अर्थात पर्यावरण या विषयावर शब्दांची यादी पाठ करून घेतली की विद्यार्थी कॅमेरा बंद करून मोकळे. त्यापेक्षा आदल्या दिवशी निरोप पाठवा: घरातल्या सुक्या कचऱ्यातल्या 5 वस्तू धुऊन जवळ ठेवा. दुधाची पिशवी धुतलेलीच हवी, नाहीतर तासाआधीच घरचे ओरडतील.

स्क्रीनवर स्पेनमधले डबे दाखवा: पिवळा प्लास्टिक, कॅन आणि टेट्रापॅकसाठी, निळा कागदासाठी, हिरवा काचेसाठी, तपकिरी ओल्या कचऱ्यासाठी. एकाने वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून विचारायचं, 'दोंदे तीरो ला लाता?' (पत्र्याचा डबा, म्हणजे कॅन, कुठे टाकू?) दुसऱ्याने सांगायचं, 'ला तीरास आल आमारियो.' (तो पिवळ्यात टाक.) जोड्या पाडून 3-4 मिनिटं पुरतात.

चूक हमखास होते ती वस्तूऐवजी येणाऱ्या 'लो' (पुल्लिंगी) आणि 'ला' (स्त्रीलिंगी) या सर्वनामांत. मराठीतला पत्र्याचा डबा पुल्लिंगी, पण 'लाता' स्त्रीलिंगी, त्यामुळे 'लो तीरास' तोंडात येतं. बाटलीला अडचण नाही, 'बोतेया'ही स्त्रीलिंगीच. लगेच टोकू नका. नुसती वस्तू पुन्हा वर धरा, बहुतेक जण स्वतःच सुधारतात.

फुटलेला पाण्याचा ग्लास कुणीतरी हिरव्यात टाकेलच. स्पेनमध्ये तो तिथे चालत नाही: 'बिद्रियो' म्हणजे बाटल्या-बरण्यांची काच, ग्लास 'क्रिस्ताल'मध्ये मोडतो.

शेवटची 5 मिनिटं आपल्या पुणे शहरासाठी ठेवा. दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना आपण काय वेगळं करून देतो? 'एन पुने सेपारामोस ला बासुरा सेका दे ला ऊमेदा.' (पुण्यात आम्ही सुका कचरा ओल्यापासून वेगळा करतो.) प्रत्येकाने पुढचं वाक्य स्वतःच्या घरचं जोडायचं.