मराठीत कॉपी लिहायला लागताय? मग शब्दांची संगत बघायला शिका

जाहिराती, देणगीची आवाहनं, आरोग्य खात्याची पत्रकं असला मजकूर, म्हणजे आमच्या भाषेत कॉपी, मराठीत लिहायचं काम मी बरीच वर्षं करतोय. टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, सर इथे चांगला शब्द कुठला वापरू. तर चांगला शब्द असं काही नसतंच मुळात. तो कुणाशेजारी बसलाय, कुणाच्या तोंडी आहे आणि वाचणारा कुठला, यावर सगळं ठरतं. शब्दकोश अर्थ सांगेल पण हे सांगेलच असं नाही.

'गावठी' घ्या. गावठी दारू, गावठी कट्टा, "काय गावठीसारखं वागतोस", तिन्हीकडे शब्द खालीच ओढतो. पण मुंबईत किंवा कोकणात 'गावठी अंडी' असा बोर्ड दिसला की लोक साध्या अंड्यापेक्षा जास्त पैसे देऊन घेतात, आणि घाटावर आलात की त्याच अंड्याला गावरान म्हणतात. त्यामुळे एखादा क्लायंट तूप घेऊन आला तर 'गावठी' लिहू की 'गावरान' लिहू हे तूप कुठे विकायचंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. 'देशी'चंही तेच, गाईला लागला की भाव वाढतो, बाटलीला लागला की उतरतो.

नवीन लोक 'स्वस्त' शब्दाला फार घाबरतात, लगेच 'किफायतशीर' करतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण जाहिरातीबाहेर तो बोलताना कुणाच्या तोंडून फारसा ऐकलेलाच नाही. घरात लोक म्हणतात "परवडलं", "बजेटमध्ये बसलं", "भाव बरा लावला". आणि 'स्वस्त' काही कायम वाईट नसतो, रेशनच्या दुकानावर 'स्वस्त धान्य दुकान' असंच लिहिलेलं असतं, तिथे कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पण तोच शब्द दागिन्याच्या नाहीतर हॉस्पिटलच्या जाहिरातीत टाका, वाचणाऱ्याला पहिली शंका येईल की कुठेतरी गडबड आहे. 'परवडणारी घरं' हेही बघा, सरकारी योजनेत, बातमीत ठीक आहे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हटलं की त्याचा खिसा मोजल्यासारखं होतं. म्हणून बिल्डर लोक 'हक्काचं घर' म्हणतात, जो आता वापरून वापरून गुळगुळीत झालाय पण भाड्याच्या खोल्या बदलत आयुष्य काढलेल्या माणसाला अजूनही लागतो. करारात मात्र तेच घर 'सदनिका' असतं, तिथे कुणाला भावना नको असतात.

पैसे मागायचं लिखाण हा तर वेगळाच विषय आहे आणि यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. वर्गणी, देणगी, दान, मदत, निधी, सहकार्य. वर्गणीत गल्लीतल्या मंडळाची पोरं दारात उभी असतात, नाही म्हणायला अवघड. देणगीत पावतीपुस्तक आणि ट्रस्ट आला. मदतीत समोरचा अडचणीत आहे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली, म्हणून एखाद्या शाळेसाठी 'दान करा' लिहिलंत तर तिथल्या मुलांनाच ते वाचून ओशाळल्यासारखं होईल. पण हाच 'दान' रक्तदान, देहदान, श्रमदानात कसा उजळतो बघा. श्रमदान म्हणजे शेवटी बिनपैशाचं खड्डे खोदायचं कामच, पण पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत २०१६ पासून गावंच्या गावं त्यासाठी उन्हात उतरली, अगदी शहरातले लोकसुद्धा गेले. आता तिथे 'मोफत मजुरी' लिहून बघा.

आता जरा मागचं सांगतो, कारण एकाच कामाची नावं बदलत जाताना बघितली की हा सगळा खेळ जास्त नीट कळतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 'संततिनियमन' हा अभ्यासू, डॉक्टरी शब्द, त्यात कुणीतरी नियम लावणार असा सूर. १९५२ पासून सरकारी कार्यक्रम आला तो 'कुटुंबनियोजन' म्हणून. पंचवार्षिक योजनांचा जमाना, नियोजन हा तेव्हाचा मानाचा शब्द, शिवाय संतती जाऊन कुटुंब आलं म्हणजे मूल नको हा सूर गेला आणि घर नीट चालवूया हा आला. मग आणीबाणी. नसबंदीची सक्ती झाली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. लोकांच्या मनात इतकी धास्ती बसली की १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर केंद्रातल्या खात्याचं नावच 'कुटुंबकल्याण' केलं गेलं. शिबिरं राहिली, ऑपरेशन राहिलं, बॅनरवरचा शब्द बदलला. आणि गंमत अशी की काही वर्षांत 'कुटुंबकल्याणची शस्त्रक्रिया' म्हटलं की काय ते सगळ्यांना कळायला लागलं, म्हणजे नवीन शब्दाला जुना अर्थ चिकटलाच. माझं मत विचाराल तर नवा शब्द थोडा वेळ मिळवून देतो, तेवढ्या वेळात काम सुधारलं नाही तर तोही मळतो. सगळं गोड शब्दांवर निभावेल अशी आशा धरलेला क्लायंट भेटला तर त्याला हा इतिहास सांगा.

असाच एक चालू शब्द म्हणजे 'मानधन'. अंगणवाडी १९७५ पासून, आशा २००५ पासून, काम रोजचं, पण मिळतं ते मानधन, पगार नाही. सेविका, मदतनीस, स्वयंसेविका ही पदांची नावंही त्याच घरातली, सगळ्यांत सेवा आहे, नोकरी कुठेच नाही. ऐकायला मान आहे पण वेतन म्हटलं की येणारे बरेचसे हक्क नाहीत, आणि म्हणूनच मानधन नको, वेतन द्या ही मागणी मोर्चांमध्ये पुन्हा पुन्हा येते. एखादा शब्द फार सन्मानाचा वाटला की त्यात कुणाची सोय आहे हे बघायची सवय लावून घ्या.

नामांकडे सगळे बघतात, क्रियापदाकडे कुणी नाही. १९७४ चा लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला प्रयोग यासाठी वाचाच. लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. जोरात आदळल्या असं विचारलं त्यांनी सरासरी ताशी जवळपास ४१ मैल सांगितला, नुसत्या एकमेकींना लागल्या असं विचारलं त्यांनी ३२. आपल्या बातम्यांमधलं 'धडक', 'ठोकरलं', 'चिरडलं' आठवा, चूक कुणाची हे वाचणारा मथळ्यातच ठरवून मोकळा होतो.

मराठीत अजून एक हत्यार आहे, 'आपण'. "आपण लस घ्यावी" यात आपण म्हणजे तुम्ही, आदराने पण लांबून, ऑफिसच्या नोटिशीसारखं. "आपण लस घेऊया" म्हटलं की लिहिणाराही रांगेत येऊन उभा राहिला. आणि "घ्या" म्हणजे सरळ सांगणं, शेतकऱ्यांसाठी लिहिताना मला बऱ्याचदा हेच बरं वाटतं, उगाच 'आपणांस विनंती' केली की कुठल्यातरी कचेरीतून कागद आलाय असं वाटतं आणि तो वाचायचा राहून जातो.

रंग आणि दावा यातला फरक मात्र नीट समजून घ्या. 'झणझणीत' हा रंग आहे, कुणी कोर्टात जाणार नाही. 'रामबाण', 'हमखास गुण', 'कायमची सुटका' हे ऐकायला वाक्प्रचार वाटतात पण मधुमेह किंवा कॅन्सरच्या औषधाशेजारी बसले की १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. क्लायंट म्हणेल सगळेच लिहितात. लिहू देत, तुम्ही ईमेलवर तुमचं म्हणणं कळवून ठेवा.

सराव कसा करायचा म्हणाल तर एसटी स्टँडवर, बाजारात, दवाखान्याबाहेर जे बोर्ड दिसतात त्यांचे फोटो काढत जा. खानावळ, भोजनालय, उपाहारगृह, रेस्टॉरंट, चारही जागी जेवणच मिळतं, पण आत किती पैसे लागतील आणि वाढपी कसा बोलेल हे बोर्डवरूनच कळतं, ते का कळतं हे एकेका ओळीत लिहून बघा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट आहे, १८५७ ची आवृत्ती चाळा, तेव्हाचा साधा शब्द आज शिवी झालाय किंवा उलट, असं बरंच सापडेल.

कॉपी झाली की एकच शब्द बदलून दोन वाक्यं करा आणि ऑफिसमधल्या लिहिणाऱ्यांना नको, अकाउंटवाल्यांना, सिक्युरिटीच्या काकांना, घरी आत्याला वाचून दाखवा. "कुठलं आवडलं" असं विचारू नका, सगळे जड शब्दालाच चांगलं म्हणतात. "हे कोण बोलतंय असं वाटतं" असं विचारा. उत्तर 'बँकेचा माणूस' आलं आणि तुम्ही बचत गटासाठी लिहीत असाल तर परत बसा. आणि ब्रीफ, म्हणजे क्लायंटकडून कामाची माहिती, घेताना भाषा कुठली हे तर सगळेच विचारतात, तुम्ही जिल्हा कुठला तेही विचारून घ्या, नागपूरचं पत्रक रत्नागिरीत जसंच्या तसं चालवायचा हट्ट बऱ्याच ठिकाणी असतो आणि दोन वेगळ्या कॉप्यांचे पैसे मागायची वेळ तीच असते.