मुलांच्या पुस्तकासाठी डायनोसॉर काढताना: चंद्रपूरच्या आयसिसॉरसचा एक स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं)

डायनोसॉरचं काम आलं की बहुतेक जण आधी गुगल इमेजेस उघडतात, आवडेल ते चित्र समोर ठेवतात आणि त्यावरून आपलं काढतात. आता ते चित्रही कुणीतरी तिसऱ्याचं बघूनच काढलेलं असतं, त्यामुळे एकाची चूक सगळ्यांच्या पुस्तकात जाऊन बसते. आठ वर्षांच्या पोराकडे पडताळून बघायला काही नसतं, आपण छापलं तेच त्याच्यासाठी खरं. म्हणून माझं सांगणं एवढंच की सुरुवात हाडांपासून करा आणि ती हाडं जिथे मिळाली त्या जागेपासून करा.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊया. आयसिसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेला लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर, काळ सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं, २००३ मध्ये आत्ताचं नाव मिळालं, आणि त्यातलं 'आयसि' म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, आयएसआय.

पहिलं काम, काय मिळालंय आणि काय नाही याची यादी करा. मणके, बरगड्या, कंबर, खांदा, डावा पुढचा पाय हे मिळालंय. कवटी नाही, मागचे पाय नाहीत, पावलं नाहीत. सांगाडा आडव्या बाजूने काढा, मिळालेली हाडं काळी भरा, बाकीची नुसती रेषेने. हा कागद शेवटपर्यंत भिंतीवर ठेवा, कारण काळं आहे तिथे तुम्हाला सूट नाही आणि रेषा आहे तिथे जवळचे नातेवाईक, म्हणजे इतर टायटॅनोसॉर (आयसिसॉरस ज्या लांब मानेच्या डायनोसॉरच्या गटातला आहे तो गट) बघून भरायचं आहे. याचे पुढचे पाय लांब होते आणि मान त्यामानाने आखूड आणि वर उभी होती, त्यामुळे नेहमीचा लांबलचक आडव्या मानेचा आकार इथे चालणारच नाही.

दंडाचं हाड १४८ सेंटीमीटर. हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत हो, मी ब्राऊन पेपर १४८ सेंटीमीटर कापून दाराला चिकटवला आणि पाचवीतल्या भाच्याला शेजारी उभं केलं तर हाड त्याच्यापेक्षा उंच निघालं! त्यानंतर स्केच करताना हात आपोआप वेगळा चालायला लागला.

पुढच्या पावलांकडे नीट लक्ष द्या, इथे खूप जण चुकतात. हत्ती डोळ्यासमोर असतो म्हणून हात हत्तीची नखं काढतो, पण टायटॅनोसॉरच्या पुढच्या पावलात बोटांची हाडं जवळपास उरलेलीच नव्हती, तळहाताची हाडं खांबासारखी उभी आणि खाली सपाट. नखं असायची ती मागच्या पायाला. माझ्या एका जुन्या पुस्तकात पुढच्या पायाला पाच नखं छापली गेली आहेत, दुसरी आवृत्ती निघाली नाही त्यामुळे ती तशीच राहिली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेपटी जमिनीवर लोळवू नका. पावलांचे इतके ठसे मिळालेत, त्यात शेपूट घासल्याची रेघ क्वचितच दिसते.

आता झाडंझुडपं, माझा सगळ्यात आवडता भाग. डायनोसॉरच्या चित्रात गवत काढायचं नाही असा नियम आम्हाला पूर्वी सांगितला जायचा. पण डोंगरगावच्या जवळच पिसदुरा आहे, तिथे दगड झालेली डायनोसॉरची विष्ठा मिळते, आणि २००५ मध्ये तिच्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे बारीक कण सापडले. सोबत ताडवर्गातली झाडं, सूचिपर्णी झाडं यांचेही. म्हणजे इथल्या चित्रात गवत काढता येतं, फक्त हिरवंगार कुरण नको, कारण विष्ठेत गवताचा वाटा थोडाच होता, तळ्याकाठी मधूनमधून झुबके पुरेत. तळ्यात कासव आणि गोगलगायी टाका, त्या भागात त्यांचे जीवाश्म मिळालेत.

मागे डोंगररांग म्हणून सह्याद्री काढू नका. सह्याद्री म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थर, ते कापले जाऊन आजचं डोंगरांचं रूप नंतर आलं. आणि लाव्हा जमिनीच्या लांब भेगांमधून पसरला, त्यामुळे टोकदार शंकूसारखा ज्वालामुखीही नको. हिमालय तर नव्हताच, भारत तेव्हा समुद्रात एकटा बेट होता.

शेजारी कोण उभं करायचं तेही तपासा. गडचिरोली-तेलंगणाच्या पट्ट्यातला बारापासॉरस हा दुसरा डायनोसॉर इथे आणायचा मोह होतो, पण तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या दोघांमधलं अंतर आयसिसॉरस आणि आपल्यामधल्या अंतरापेक्षा जास्त. त्यापेक्षा अंडी काढा ना. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात याच काळातली टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली आहेत, २०२३ मध्ये तो अभ्यास आला. अंडं गोल, साधारण १५ ते १७ सेंटीमीटर, म्हणजे पपनसाएवढं. मी बाजारातून पपनसच आणलं, टेबललॅम्पखाली ठेवलं आणि सावल्या बघून काढलं, शेजारी मुलांना ओळखीचं म्हणून कोंबडीचं अंडं. कोंबडीचं अंडं छापताना मात्र मार्जिनमधेच, मुख्य चित्रात नाही. मापासाठी शाळकरी मुलगी काढायची तर तीही मार्जिनमधेच, नाहीतर मुलांना वाटतं माणसं आणि डायनोसॉर एकत्र राहायचे.

रंग कुणालाच माहीत नाही या प्राण्याचा. चीनच्या सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसांच्या छोट्या डायनोसॉरच्या शेपटीवरचे तांबूस पट्टे पिसांमधल्या रंगकणांवरून २०१० मध्ये कळले, आपल्याकडे असं काही हाताशी नाही. अर्जेंटिनातल्या टायटॅनोसॉरच्या भ्रूणांवर बारीक गाठीगाठींची खवलेदार कातडी दिसते, तो पोत वापरा, रंग मातकट ठेवा किंवा पट्टे द्या, पण पानाच्या खाली मुलांना कळेल अशा शब्दांत लिहा: "रंग आणि डोकं आम्ही अंदाजाने काढलंय." संपादक म्हणतील मुलांचा गोंधळ होईल. होत नाही, उलट मुलं लगेच स्वतःचा रंग काढून बघतात, त्यामुळे त्या ओळीसाठी भांडा.

छपाईचं पटकन सांगते: ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारं जादा चित्र, आणि हिरवा रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंमध्ये, मळतो म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, कागदावरच बघा. आणि थंबनेल, म्हणजे सुरुवातीचं छोटं कच्चं चित्र, काढतानाच स्प्रेडच्या मधोमध उभी रेघ मारून घ्या, कारण बायंडिंगमध्ये एक-दीड सेंटीमीटर गिळलं जातं आणि आयसिसॉरसची उभी मान नेमकी तिथेच येते.