जुन्या कार्ब्युरेटर गाडीत हवा-इंधन गुणोत्तराचा गेज

लांब चढावर गाडीची ओढ कमी होत होती आणि जेट (कार्ब्युरेटरमध्ये इंधन मोजून सोडणारे छिद्र) बदलूनही फरक पडत नव्हता, म्हणून मी वाइडबँड (हवा-इंधन गुणोत्तराचा मोठा पल्ला मोजणाऱ्या) ऑक्सिजन सेन्सरसह गेज बसवण्याचे ठरवले. नॅरोबँड सेन्सर १४.७ : १ (१४.७ भाग हवा, १ भाग इंधन) या गुणोत्तराच्या आसपासच नेमका असतो, या कामाला तो पुरत नाही.

सर्वाधिक विचार सेन्सरच्या जागेचा करावा लागला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नळ्या जेथे एकत्र येतात त्याच्या पुढे पाइपवर बंग (सेन्सर बसवण्याचा आटे असलेला तुकडा) वेल्ड करून घेतला आणि सेन्सरची टोकाकडील बाजू खाली राहील असा तो आडव्या रेषेपेक्षा १० अंशांहून अधिक कलता ठेवला, कारण पाइपमधील पाणी सेन्सरमधील तापलेल्या सिरॅमिकवर पडल्यास ते तडकते. सांध्यांमधील गळतीही आधीच बंद केली. बाहेरची हवा शिरली की मिश्रण प्रत्यक्षापेक्षा पातळ (हवा जास्त, इंधन कमी) दिसते.

सेन्सरच्या हीटरचा वीजपुरवठा फ्यूज व रिलेमधून, इग्निशन चालू असतानाच मिळेल असा घेतला. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेल्या) किंवा ६ व्होल्टच्या गाडीला मात्र १२ व्होल्टचा गेज थेट जोडू नये.

मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करून चढावर पूर्ण थ्रॉटल दिला, तेव्हा सुरुवातीला १३ दाखवणारा आकडा काही क्षणांनी १५ च्या वर, म्हणजे पातळ मिश्रणाकडे, सरकू लागला. जेट लहान असते तर मिश्रण पहिल्यापासूनच पातळ राहिले असते. येथे फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधील इंधनाचा छोटा साठा) भरण्यापेक्षा लवकर रिकामा होत होता, हे या संथ चढत्या आकड्यामुळेच उमगले. तुंबलेला इंधन फिल्टर बदलल्यावर त्याच चढावर आकडा १२.८ च्या आसपास स्थिर राहिला.