करवंदाच्या चिकाशी पाण्याने भांडू नका

करवंदं काढायला जाताना लोक टोपली विसरत नाहीत, तेल विसरतात. देठ तुटला की पांढरा चीक बोटांवर येतो. त्यावर पाणी ओतलं, साबण चोळला की तो जास्तच चिकट होतो आणि काळा पडतो. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलाने सुटतो. म्हणून आधीच हाताला खोबरेल लावा. कपड्यांचं मात्र काही खरं नाही. माझ्या एका पांढऱ्या सदऱ्यावरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

लालसर झालं म्हणजे पिकलं, हा दुसरा घोटाळा. पिकलेलं करवंद काळंभोर असतं, बोटाने दाबलं की दबतं आणि नुसतं हलवलं तरी देठातून सुटतं. ओढावं लागलं तर ते अजून कच्चंच आहे, आणि चीकही त्यातच जास्त. काळ्या करवंदातही थोडा चीक राहतो, त्यामुळे ती मिठाच्या पाण्यात जरा वेळ ठेवून खावीत, नाहीतर ओठ चिकटतात. करवंद आतून लाल (कोंबडा) निघतं की पांढरं (कोंबडी), असा 'कोंबडा की कोंबडी' खेळायला घेतलेली मूठभर करवंदं तेवढी अपवाद. तिथे धीर कोणाला असतो!

चीक दिसला की करवंदच, असं समजणं मात्र थेट धोक्याचं. कण्हेर आणि बिट्टी करवंदाच्याच कुळातल्या, दोन्ही विषारी. करवंदाच्या जाळीला टणक, अणकुचीदार काटे असतात, कण्हेर-बिट्टीला नसतात. मुलांना आधी काटा ओळखायला शिकवा.

लोणच्याला हिरवी, कोवळी करवंदंच घ्या. पिकलेली घातलीत तर बरणीत लगदा होतो. जेलीचं उलट. तिथे सगळी काळीच घेतली तर ती नीट धरत नाही, मूठभर लाल घाला. जेली घट्ट धरायला लावणारं पेक्टिन त्यांच्यात जास्त असतं. भांडं स्टीलचं घ्या, इतक्या आंबट रसाला ॲल्युमिनियम नको.

रोपं उगवत नाहीत अशी तक्रार तर नेहमीची. बिया पुडीत बांधून पुढच्या वर्षासाठी ठेवल्या की त्यांचा जीव जातो. मे महिन्यात करवंद खाल्लंत की बिया धुऊन त्याच आठवड्यात मातीच्या पिशवीत लावा. फांद्या खोचून पाहणारेही असतात, पण त्या सहजासहजी मुळं धरत नाहीत. बियांच्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येतं, तोवर कुंपण तरी होतंच.