पाणवठा टांगा, बुंध्याला पत्रा गुंडाळा

पक्ष्यांसाठीचं पाण्याचं भांडं कुंड्यांच्या आडोशाला ठेवू नका, मांजर नेमकं तिथेच दबा धरून बसतं. झुडपांपासून ६-७ फूट दूर, मोकळ्यावर, उंच टांगा. दाणेही जमिनीवर टाकू नका. झाडावर घरटं असेल तर बुंध्याला ४ फुटांवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा; त्यावर नखं रुतत नाहीत. मात्र कंपाउंडच्या भिंतीवरून फांदीवर उडी मारता येत नाही ना, तेही बघा.

खरी काळजी बुलबुलाच्या पिल्लांची. ती १२-१४ दिवसांत घरट्याबाहेर पडतात, पण धड उडता येत नाही; खालच्या फांद्यांत, कधी जमिनीवरच फडफडतात. तेवढे दिवस शेजाऱ्यांना त्यांचं मांजर घरात ठेवायची विनंती करा. भटकं असेल तर पाण्याचा फवारा पुरतो. मारू नका, विष तर नकोच.