पीसीओडी आणि दिवस राहणं: आधी कालनिर्णय, मग गोळी

डॉक्टरकडे जाण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा. ‘अनियमित येते’ म्हणण्यापेक्षा सहा महिन्यांचे गोल दाखवलेले बरे. माझे 45, 60, एकदा तर 74 दिवसांवर होते. म्हणजे अंडंच वेळेवर फुटत नव्हतं. पीसीओडी म्हणजे अंडाशयातला हाच हार्मोनचा घोळ.

पहिल्या तपासण्यांतच नवऱ्याचीही उरकून घ्या. हो, पीसीओडी आपल्याला असला तरी. सासूबाई काय म्हणतील म्हणून आम्ही वीर्यतपासणी आठ महिने टाळली, तेवढे महिने फुकट गेले. आपली थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), साखर. फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करायचं.

वजनाचं भाषण सगळेच देतात. माझं 72 होतं, चार किलो उतरल्यावर पाळी 38 दिवसांवर आली. मुळात बारीक असाल तर हे भाषण सोडून द्या.

आता गोळी. बहुतेकींना आधी लेट्रोझोल देतात, साधारण पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, 2.5 मिलिग्रॅमपासून. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचं नाव असतं. आईने चष्मा लावून तो वाचला आणि गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवल्या! ती मूळची त्याच आजाराची गोळी, हे खरं. ती इस्ट्रोजेन कमी करते, मग मेंदू अंडाशयाला अंडं वाढवायचा निरोप जोरात धाडतो. आपल्याकडे 2011 मध्ये या वापरावर बंदी आली, 2017 मध्ये उठली. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या 750 जणींच्या चाचणीचा निकाल आला: लेट्रोझोलवर 27.5 टक्के जणींना बाळ झालं, त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफेन गोळीवर 19.1 टक्के.

गोळ्या संपल्यावर फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दिवसाआड सोनोग्राफी. लघवी करून जायचं, आतून करतात. पडद्यावर काळा गोळा दिसतो, ती अंड्याची पिशवी, तो 18-20 मिलिमीटरचा झाला की बहुधा इंजेक्शन देतात आणि साधारण 36 तासांनी अंडं फुटतं. त्या दोन दिवसांत जवळ या. घरच्या ओव्ह्युलेशन स्ट्रिपवर मी नऊशे रुपये उडवले. ती पट्टी अंडं फुटण्याआधी वाढणारं एलएच हे हार्मोन लघवीत बघते, पण पीसीओडीत ते बऱ्याचदा आधीच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी उगाच ‘हो’ म्हणते.

पहिल्या महिन्यात माझा गोळा 11 वरच अडला. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी डोस 5 केला, चौदाव्या दिवशी 19 झाला. दिवस राहिले ते चौथ्या महिन्यात. अंडं नीट फुटूनही सहा महिने गेले, तर पुढे काय ते स्वतःहून विचारा. आणि पहिल्याच भेटीत कुणी आयव्हीएफचं पॅकेज पुढे केलं, तर कालनिर्णय घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा.