सेमिनोल काउंटीत नवीन आलात? अस्वल, कचऱ्याचा डबा आणि शिकारीची सोडत

फ्लोरिडात ओरलँडोच्या उत्तरेला, लेक मेरी, लाँगवूड, हीथ्रो या पट्ट्यात नवीन आलेल्या मराठी घरांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. शाळा कुठली चांगली, कढीपत्ता कुठे मिळतो, हरिकेनला खिडक्यांना फळ्या ठोकायच्या का. त्यानंतर एका रात्री अकरा वाजता दारावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा, हा कुत्राच आहे ना?"

नाही. ते अस्वल आहे. वेकिवा नदीकाठचं जंगल आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लागून आहे आणि अस्वलांची ये-जा आपल्या आधीपासूनची आहे.

मी मूळचा बुलढाण्याचा. आमच्याकडे अस्वल म्हटलं की पहाटे शेतात गेलेल्या माणसाचा चेहरा फाडल्याची बातमी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गाडीतच वीस मिनिटं बसून राहिलो होतो. ते फूटपाथवरून म्युनिसिपालटीच्या माणसासारखं एकेक डबा तपासत निघून गेलं. इथलं काळं अस्वल आपल्याकडच्या अस्वलाइतकं तापट नसतं, माणूस दिसला की बहुतेक वेळा काढता पाय घेतं. पण ते निरुपद्रवी आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. २०१३ आणि २०१४ मध्ये याच काउंटीत बायकांवर हल्ले झालेत आणि मे २०२५ मध्ये दक्षिणेकडच्या कॉलिअर काउंटीत एका वृद्धाचा जीव गेला. फ्लोरिडात काळ्या अस्वलामुळे माणूस दगावल्याची ती पहिलीच नोंद.

आता तुम्हाला ऑफिसात आणि कुंपणापलीकडून जे ऐकू येईल त्याबद्दल, म्हणजे शिकारीबद्दल. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे सरकार स्वतः अस्वल मारायचा परवाना देतं हे आपल्या गळी लवकर उतरत नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो, नाहीतर जेवणाच्या टेबलावर तुम्ही तावातावानं काहीतरी बोलून बसाल. मी बसलो होतो.

१९७४ मध्ये फ्लोरिडानं हे अस्वल संकटग्रस्त यादीत घातलं, तेव्हा राज्यात काहीशेच उरली होती. १९९४ मध्ये शिकार पूर्ण बंद झाली, २०१२ मध्ये अस्वल यादीतून बाहेर आलं. मग ऑक्टोबर २०१५. त्या वेळी परवान्यांना मर्यादाच नव्हती. जो पैसे भरेल त्याला परवाना. ३,७०० हून जास्त विकले गेले. अस्वलं किती मारायची याची मर्यादा ३२० होती आणि हंगाम आठवडाभर चालेल असा अंदाज होता. शनिवारी सकाळी सुरू झाला आणि रविवारी संध्याकाळी बंद करावा लागला, कारण दोन दिवसांत ३०४ अस्वलं मेली होती. त्यात पिल्लं पाजणाऱ्या माद्याही निघाल्या. इतका आरडाओरडा झाला की पुढची दहा वर्षं शिकार झालीच नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घालायला कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगानं, ज्याला इथे सगळे एफडब्ल्यूसी म्हणतात, शिकार पुन्हा मंजूर केली. या वेळी सोडत पद्धतीनं.

म्हाडाची लॉटरी डोळ्यांपुढे आणा. घरं मोजकी, अर्ज ढीगभर, नाव काढणार कॉम्प्युटर. इथे परवाने होते १७२, त्यातले आपल्या बाजूला, म्हणजे ओरलँडोच्या उत्तरेच्या भागात, फक्त १८. एका परवान्यावर एकच अस्वल. पिल्लं आणि पिल्लं सोबत असलेली मादी मारायची नाही. परवाना दुसऱ्याला देता येत नाही. राज्यात अंदाजे ४,०५० अस्वलं आहेत असं आयोग धरून चालतो, आणि प्रत्येक परवानाधारकाला अस्वल मिळालंच असं समजून परवान्यांचा आकडा काढलेला. म्हणजे २०१५ सारखं दारं उघडून मागून मोजत बसायचं नाही, आधीच मोजून दारं उघडायची. शिकार आवडो न आवडो, ही सुधारणा आहे हे मी मान्य करतो.

पण एक गोम आहे. म्हाडात एका घराला एकाच माणसाचे शंभर अर्ज चालत नाहीत. इथे एका अर्जाला पाच डॉलर आणि हवे तेवढे अर्ज भरा. ज्याचा खिसा जड त्याच्या चिठ्ठ्या जास्त. मला हे पटलेलं नाही. १ लाख ६० हजारांच्या वर अर्ज आले, आणि त्यातले पुष्कळ अस्वल मारण्यासाठी नव्हतेच. शिकारीला विरोध करणाऱ्यांनीही अर्ज भरले, नाव लागलं तर परवाना कपाटात ठेवून द्यायचा आणि एक अस्वल वाचवायचं, या हिशोबानं.

माझ्या डाव्या हाताला राहणारी निवृत्त शिक्षिका त्यांतली. तिनं दहा अर्ज भरले. उजवीकडचे आजोबा पिढीजात शिकारी, हरणाचं मांस वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवणारे. त्यांनी चार भरले. निकालाच्या दिवशी दोघंही आपापल्या मेलबॉक्सजवळ भेटले, दोघांनाही लागली नव्हती, आणि दोघंही मिळून एफडब्ल्यूसीच्या नावानं बोटं मोडत होते. मी कुंडीला पाणी घालत ऐकत होतो. या विषयावर माझं मत त्या दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही पहिलं वर्षभर सांगू नका.

६ ते २८ डिसेंबर असा हंगाम झाला. काही परवाने कपाटातच राहिले, काहींना अस्वल दिसलंच नाही. शेवटी मारली गेली ५२.

आता हमखास विचारला जाणारा प्रश्न: "आपण अर्ज करू शकतो का?" वय १८ पूर्ण हवं. सोडतीत नाव लागलं तर परवान्याचे फ्लोरिडाच्या रहिवाशाला १०० डॉलर, बाहेरच्याला ३००, आणि शिकारीचं लायसन्स वेगळं. मात्र एच-वन किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगण्यावर फेडरल कायद्याचे कडक निर्बंध आहेत. काही अपवाद आहेत, पण मित्राच्या सांगण्यावर विसंबून त्या भानगडीत पडू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. हौसेपायी ग्रीन कार्ड अडकवू नये.

खरं सांगायचं तर सोडतीचा तुमच्या अंगणातल्या अस्वलाशी फारसा संबंध नाही. शिकार जंगलात होते, सोसायटीत कुणी बंदूक घेऊन फिरत नाही. तुमच्या दारात अस्वल येणार की नाही ते तुमचा कचरा ठरवतो. आणि इथे आपल्या लोकांची पंचाईत आहे, कारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खाऊ शकतं, आणि नेमके तेव्हाच आपले गणपती, नवरात्र, दिवाळी.

पहिल्या वर्षी विसर्जनानंतर मी आमरसाच्या पल्पचे सहा रिकामे डबे आणि उरलेलं श्रीखंड रात्रीच कचऱ्याच्या डब्यात टाकून डबा रस्त्यावर ठेवला. सकाळी डबा तीन घरं पलीकडे आडवा पडलेला. पल्पचे डबे इतके चाटूनपुसून स्वच्छ की आमच्या घरात कुणी तसे घासले नसते.

पितृपक्षाचं तर विशेष सांगायला हवं. कावळ्याचा घास मागच्या अंगणात ठेवायची पद्धत इथे सोडा. घास अस्वलापर्यंत पोचला तर प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं, कारण अस्वलाला खायला घालणं फ्लोरिडात बेकायदा आहे. योगायोग असा की २०२५ मध्ये सोडतीचे अर्ज १२ ते २२ सप्टेंबरला भरायचे होते आणि २१ तारखेला सर्वपित्री होती. आम्ही पान घरातच वाढलं, नमस्कार केला, आणि तो घास दुपारी तळ्याकाठी नेऊन कावळे जमेपर्यंत तिथेच उभे राहिलो. एक दाणा मागे ठेवला नाही.

काउंटीचा नियम असा आहे की आय-फोर हायवेच्या पश्चिमेला राहत असाल तर डबा अस्वलाला उघडता येणार नाही असा हवा किंवा घरात, गॅरेजमध्ये ठेवायचा, आणि बाहेर काढायचा तो गाडी येण्याच्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री नाही. सुकट, बोंबील, कोलंबीची टरफलं, मटणाची हाडं पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, कचऱ्याच्या सकाळीच बाहेर काढा. गॅरेजचं दार उघडं टाकून आत येऊ नका. गॅरेजमधला जादा फ्रीज अस्वलाला छान उघडता येतो. पक्ष्यांना दाणे घालायची हौस असेल तर ते अस्वलाच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

समोर आलंच तर पळू नका, झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका, त्याला जायला वाट ठेवा, शांत पण ठाम आवाजात बोलत राहा. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग घेऊ नका, हाताला लागेल त्यानं मारा. कुत्रा साखळीवरच ठेवा, कारण बरेच प्रसंग कुत्र्यामुळे वाढतात. झोपण्यापूर्वी अंगणात सोडणार असाल तर आधी दिवा लावा, दोनदा टाळी वाजवा, मग दार उघडा. माझी बायको टाळीऐवजी स्टीलचं ताट वाजवते. शेजारच्या शिक्षिकाबाईंना पहिले सहा महिने वाटत होतं की ती आमची रात्रीची आरती आहे.